गव्हाणीतल्या बाळंत्याला दिखावा म्हणू नका

छावणीवाला (धागा सुरू करणारा)

परवा आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) गटावर एका बंधूंनी लिहिलं की नाताळ बायबलमध्ये कुठेच नाही, 25 डिसेंबर ही रोमच्या सूर्यपूजकांची तारीख, तारे-केक-करंज्या हा सगळा जगाचा दिखावा, आणि खऱ्या विश्वासणाऱ्यानं त्या दिवशी दार लावून उपास-प्रार्थना करावी. खाली आमेनची रांग लागली. दोन दिवस मी गप्प बसलो. काल माझ्या दहा वर्षांच्या पुतणीनं विचारलं, "काका, आपण तारा लावला तर येशू रागावेल का?" आता गप्प बसवत नाही.

माझी आजी मिशनच्या दवाखान्यात आया होती. डिसेंबर लागला की ती ट्रंकेतून जुन्या लुगड्याचं एक बाळंतं काढायची. माझे बाबा, दोन्ही आत्या, सगळी त्याच बाळंत्यात गुंडाळली गेलेली. धुऊन धुऊन कापड इतकं विरलं होतं की दिव्यासमोर धरलं तर पलीकडची ज्योत दिसायची. ती ते रिठ्याच्या पाण्यात धुवायची, उन्हात वाळवून घडी करून गादीखाली ठेवायची, म्हणजे इस्त्री होई. चोवीस तारखेच्या रात्री खोक्याच्या गव्हाणीत गवत घालून त्यावर बाहुलं त्या बाळंत्यात गुंडाळून ठेवायची. आम्ही पोरं तोंड बंद करून बघत बसायचो. खर्च शून्य.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडून बघा. देवदूतांचं गाणं नंतर येतं, बाळंतं आधी येतं. आणि मेंढपाळांना खूण काय दिली? तारा नाही, राजवाडा नाही. बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत निजवलेलं मूल, हीच खूण. देव देह धारण करून आला, त्याला कापड लागलं, ऊब लागली, दूध लागलं. मग आपला आनंद नुसता डोळे मिटून कसा होईल? त्याला हात लागणार, वास लागणार, पोरांची गडबड लागणार. 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसनं ग्रेचो गावात गव्हाणी मांडली ती याचसाठी, की बेथलेहेमचं दारिद्र्य लोकांना डोळ्यांनी बघता यावं. आपल्या इंदूरचं लाल चर्च त्याच फ्रान्सिसच्या नावानं उभं आहे.

पुतणीला मी सांगितलं, तारा लाव.

बिरुयाकर

तो मजकूर माझाच होता, म्हणून उत्तरही मीच देतो.

तुमच्या आजीबद्दल आदर आहे. पण आजीची आठवण म्हणजे वचन नव्हे. गलतीकरांस पत्र 4:10 वाचा. दिवस, महिने, सण पाळणाऱ्यांबद्दल प्रेषित पौलाला भीती वाटते. आपली मंडळी ज्या कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभी राहिली, ते लोक 1877 पासून इंदुरात होते. त्यांची मुळं स्कॉटलंडची. त्या स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली 1958 साली! इंग्लंडच्या पार्लमेंटनं तर 1647 मध्ये सणच रद्द केला होता. ते सगळे विश्वासात कच्चे होते का?

आता माझं घरचं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली त्या डिसेंबरात घरात पगार नव्हता. पण मंडळीत सगळे नव्या कपड्यांत येणार, आपलीच पोरं जुन्यात कशी न्यायची, म्हणून त्यांनी व्याजानं पैसे काढले. चौघा भावंडांना कपडे आले. माझ्या शर्टाच्या कॉलरमधला पुठ्ठा मी काढलाच नाही. वाटलं, पुठ्ठा असला की दुकानदार परत घेईल. उपासनाभर तो मानेला टोचत होता. ईस्टर उलटून गेला तरी त्या शर्टाचं व्याज चालूच होतं. साध्या आनंदाच्या गोष्टी मला सांगू नका. साधा आनंद ज्याला परवडतो त्याच्यासाठी साधा असतो.

छावणीवाला

पुठ्ठ्याची गोष्ट वाचून मन भरून आलं. पण बंधू, व्याज ताऱ्यानं लावलं नाही, बाळंत्यानं लावलं नाही. पोरांचे कपडे न्याहाळणाऱ्या बाकांनी लावलं. त्यांना बोला, मी तुमच्या शेजारी उभा राहीन.

तारखेचं म्हणाल तर 354 सालच्या रोमच्या पंचांगात ख्रिस्तजन्म 25 डिसेंबरला नोंदलेला आहे. आर्मेनियाची मंडळी 6 जानेवारीला पाळते. तारखेवर माझा जीव अडकलेला नाही. पण जो सण मोशेनं दिला नाही तो पाळूच नये, हे कुठून आणलंत? योहान 10:22 बघा. मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सण, मोशेनंतर कित्येक शतकांनी झालेल्या मक्काबी या ज्यू घराण्याच्या काळातला. मोशेच्या नियमशास्त्रात तो नाही. हिवाळा होता आणि येशू मंदिरातच होता. त्यानं कुणाला घरी जा म्हटलं नाही. आणि गलतीकरांबरोबर रोमकरांस 14 पण वाचा. जो दिवस पाळतो तो प्रभूसाठी पाळतो, असं पौलच म्हणतो.

बिरुयाकर

मंदिरात असणं आणि दिवे लावणं यात फरक आहे. आणि रोमकर 14 मध्ये न पाळणाऱ्यालाही तितकीच मोकळीक आहे. ती तुम्ही मला देत नाही. मी नवे कपडे घालत नाही म्हणून मागच्या वर्षी मला "घरात काही झालंय का" असं तिघांनी विचारलं.

लोकमान्यनगर

तारीख-तारा राहू द्या, आधी हे सांगा की नाताळची उपासना मराठीत का नाही? आमच्या मंडळीत (नाव घेत नाही) तीन वर्षांपूर्वी मराठी उपासना सकाळी सातला ढकलली. थंडीत म्हातारी माणसं येईनात. मग "संख्या नाही" म्हणून ती हिंदीत मिळवून टाकली. रेव्हरंड टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या हातात टाळ दिले, अभंग दिले, कीर्तन दिलं. आणि आमची पोरं आता स्पीकरवर इंग्रजी गाणी लावून नाचतात. माझ्या आईला शेवटच्या नाताळात एक मराठी गीत ऐकायचं होतं. ते काही झालं नाही. आनंदावर चर्चा करताय ना? हा माझा आनंद होता, तो कोणी परत देईल का?

छावणीवाला

काका, तुमचं दुःख खरं आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी सही करायला येतो. इथे विषय राहू द्या.

लोकमान्यनगर

हाच विषय आहे. तुम्हाला दिसत नाही एवढंच.

कढईवाली

सगळं वाचलं. बाळंतं, पुठ्ठा, स्कॉटलंड, टाळ. एका गोष्टीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. "करंज्या" हा शब्द पहिल्या ओळीत आला आणि पुढे निघून गेला, जशा काही त्या झाडाला लागतात.

माझं लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली. वीस डिसेंबरपासून मी ओट्यापाशी उभी असते. रवा-मैदा भिजवायचा, कुटायचा, ओल्या फडक्याखाली झाकायचा. सारण भाजायचं. पाती लाटायची, भरायची, कड दाबायची, कातण्यानं कापायची. एखादी करंजी सुटली की सारण तेलात उतरतं, तेल काळं पडतं, सगळी तळणी गाळून घ्यावी लागते. मग चकल्या, शंकरपाळे, अनारसे. चोवीसला रात्री गीतं म्हणणारी मंडळी येते. कधी बारा, कधी दोन. पंचवीस जणांचा चहा. घरातले सगळे दारात उभे राहून गातात आणि मी आत दूध उतू जाऊ नये म्हणून उभी असते. एकोणीस वर्षांत एकही गीत मी दारात उभं राहून ऐकलेलं नाही.

छावणीवाले दादा, तुमच्या आजीनं गव्हाणी मांडली तेव्हा तुम्ही बघत बसला होता. त्या रात्री ती किती वाजता निजली, हे तुम्हाला माहीत आहे का?

पलासिया_चौक

ताई, आमच्या आईनं हे सगळं चाळीस वर्षं हसतमुखानं केलं. कधी तक्रार नाही. मनात प्रेम असलं की कामाचं ओझं वाटत नाही. आणि एवढा त्रास असेल तर छप्पन दुकानच्या बाजारातून विकत आणा, आजकाल सगळं मिळतं.

कढईवाली

तुमच्या आईला कधी विचारलंत का? एकदा तरी?

विकतचं आणलं होतं, कंबर धरली होती त्या वर्षी. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण शेजारी ताट पाठवताना त्यांनी वर रुमाल नेहमीपेक्षा घट्ट गुंडाळला. त्या रुमालानंच सगळं सांगितलं.

पलासिया_चौक

तुम्ही उगाच सगळ्या घरांवर आरोप करताय. सणाच्या दिवसांत असं कडवट लिहून काय मिळतं? मार्थेसारखं कुरकुरत केलेलं काम प्रभूलाही आवडलं नाही.

कढईवाली

मार्थेची गोष्ट मला सांगू नका! लूक 10 पुन्हा वाचा. प्रभू मार्थेला "नीट राब" असं म्हणाला नाही. तिची बहीण मरीया कामं सोडून त्याच्या पायाशी ऐकत बसली, तेच तिनं चांगलं निवडलं, आणि ते तिच्याकडून काढून घेतलं जाणार नाही, असं म्हणाला. माझ्याकडून ते दर वर्षी काढून घेतलं जातं. मंडळीत उशिरा पोचते, मागच्या बाकावर बसते, केसांना तेलाचा वास असतो, आणि उपदेश चालू असताना डोळा लागतो. मग त्याच उपदेशात "साधेपणानं सण करा" हे मी ऐकते.

रामबागेतली_शेजारीण

मी ख्रिस्ती नाही, पण बोलते. आमच्या शेजारी चाळीस वर्षं एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. दिवाळीत आमचं ताट त्यांच्याकडे, नाताळात त्यांचं आमच्याकडे. ताट रिकामं परत करायचं नाही, निदान साखर तरी घालायची. त्यांच्या करंजीत खसखस जास्त असते, ती खाल्ली की डिसेंबर आला असं वाटतं. एका वर्षी काकू आजारी होत्या, ताट आलं नाही. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, ज्यांनी आयुष्यात स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं, मला म्हटलं, "आपण करून त्यांच्याकडे पाठवू." केल्या अर्थात मीच. त्यामुळे कढईवाल्या ताईंचं अक्षर न् अक्षर मला कळतं. दिवाळीला आमच्याकडे हेच.

बिरुयाकर

हेच तर मी म्हणतोय. बहिणीनं जे लिहिलं ते माझ्याच मजकुराचा पुरावा आहे. सण थांबवा, हा जाच आपोआप थांबतो. दार लावा, प्रार्थना करा.

कढईवाली

नाही बंधू. माझ्या खांद्यावर तुमची बंदूक ठेवू नका. मला सण बंद नकोय, मला त्या सणात जागा हवी आहे. दार लावून उपास करायचा म्हटलं तरी दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक मलाच करायचा आहे.

आणि ताट बंद व्हावं असंही मला वाटत नाही. नहेम्या 8:10 मध्ये लोकांना सांगितलंय की चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटे पाठवा. शोक करू नका, परमेश्वराचा आनंद हीच तुमची ताकद. मी ताट भरते तेव्हा हे वचन म्हणते. आमच्या गल्लीत एक एकटे आजोबा राहतात. ते दारातच करंजी फोडतात, अर्धी मला देतात. त्या अर्ध्या करंजीइतका नाताळ मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. म्हणून तर राग येतो. जे इतकं चांगलं आहे ते एकीच्याच कंबरेवर का?

छावणीवाला

काल रात्रभर ताईंचा प्रश्न डोक्यात होता. सकाळी आत्याला फोन लावला. आजी किती वाजता निजायची, विचारलं. आत्या म्हणाली, "चोवीसला ती निजायचीच नाही. तुम्ही झोपलात की भांडी घासायची, मग तुमचे कपडे काढून ठेवायची, आणि पहाटे पाणी तापवायला उठायची. म्हणजे बसल्या जागची उठायची." मला बाळंत्याचं कापड किती विरलं होतं ते आठवतं. आजीचे हात कसे होते, ते आठवत नाही.

मी लिहिलं होतं, खर्च शून्य. ते चूक होतं. बाकी माझं म्हणणं मागे घेत नाही. आनंद हाताला लागला पाहिजे, हे अजूनही खरं मानतो. पण हात कोणाचे, हे मी विचारलंच नव्हतं.

पलासिया_चौक

भावनेच्या भरात सगळे एका बाजूला झुकताय. माझ्या आईबद्दल मी जे लिहिलं ते तसंच राहील.

लोकमान्यनगर

आणि मराठी उपासनेचं काय? पन्नास उत्तरं झाली तरी कोणी बोलत नाही.

बिरुयाकर

25 डिसेंबर बायबलमध्ये नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. कपडे मी जुनेच घालणार. फक्त एवढं मान्य करतो की दार लावून बसा असं लिहिताना त्या गल्लीतल्या आजोबांचा विचार मी केला नव्हता. माझं दार लागलं तर ताट त्यांच्याकडे कोण नेणार? तळणीला मी बसू शकतो. आई गेल्यावर चार वर्षं घरात मीच रांधलं. झारा धरता येतो. याला सण पाळणं म्हणू नका.

कढईवाली

म्हणत नाही. बसा.

मी यंदा चोवीसला रात्री दारात उभी राहणार आहे, शाल घेऊन, पहिल्या गीतापासून शेवटच्यापर्यंत. एक तरी मराठी म्हणा, लोकमान्यनगरच्या काकांच्या आईसाठी. चहा कोण करणार ते तुमचं तुम्ही ठरवा.

छावणीवाला

चहा माझ्याकडे. पीठही मीच भिजवतो. ताई, किलोभर रवा-मैद्याला मोहन किती घालायचं?

कढईवाली

साधारण दीडशे ग्रॅम तूप, कडकडीत तापवून. हातानं चोळा आणि मुठीत दाबून बघा. मुटका वळला पाहिजे. वळला नाही तर अजून चमचाभर घाला, आणि दुधात भिजवा, पाण्यात नको. फडकं ओलं ठेवा, सुकू देऊ नका.