तिसरीतला मुलगा, एडीएचडीची शंका: शाळा म्हणते तपासा, आजोबा म्हणतात द्वाडपणा

शेवगा_शेंग:
मुलगा साडेआठ वर्षांचा, मराठी माध्यम. वह्या अर्ध्याच लिहिलेल्या, कंपास हरवणं रोजचं, प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडून मोकळा. बाईंनी एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अति चंचलता आणि उतावीळपणा) तपासणी सुचवली आहे. आजी-आजोबांचं म्हणणं, मोठा झाला की सुधारेल, उगाच 'डोक्याच्या डॉक्टर'चा शिक्का नको. शिवाय मोबाइलवर दोन तास हलत नाही, मग अभ्यासालाच बरं लक्ष लागत नाही? तपासणीत नेमकं काय होतं, गोळीची भीती कितपत खरी आणि शाळेला किती सांगावं?

निवडुंग:
मोबाइलपासून सुरू करतो, कारण बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते. खेळात दर दोन-चार सेकंदांना काहीतरी मिळतं: आवाज, गुण, नवी पातळी. पाढे लिहून लगेच काय मिळतं? एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही. कंटाळवाण्या कामाकडे ते वळवणं आणि तिथे टिकवणं जमत नाही. त्यामुळे मोबाइलवर बसणं हा एडीएचडी नसल्याचा पुरावा नव्हे. (असल्याचाही नव्हे.)

रक्ततपासणी, एमआरआय, 'ब्रेन मॅपिंग' यांतल्या कशानेही निदान होत नाही. कोणी पॅकेज विकत असेल तर उठून या. आधी नजर आणि कान तपासा. मूल रात्री घोरत असेल तर नाकामागची गाठ, म्हणजे अ‍ॅडेनॉइडही. झोपमोड झालेलं मूल दिवसा अगदी असंच वागतं. मग बालमनोविकारतज्ज्ञ किंवा मुलांच्या विकासाचे डॉक्टर. डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाचे निकष देणारं पुस्तक) लक्ष न लागण्याची ९ आणि चंचलता-उतावीळपणाची ९ लक्षणं आहेत. मुलांमध्ये एका गटातली निदान ६ हवीत, ६ महिने टिकलेली, १२ वर्षांच्या आधी दिसू लागलेली, आणि एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही. म्हणून बाईंनी भरलेली प्रश्नावली लागतेच. घोळ इथेच होतो: वर्षाच्या सुरुवातीला नव्या बाईंकडे फॉर्म जातो आणि त्या अंदाजाने खुणा करतात. मुलाला दोन-तीन महिने तरी ओळखणाऱ्या बाईंकडूनच भरून घ्या. सोबत जुनी प्रगतिपुस्तकं आणि दोन-तीन वह्या न्या. वाचन-लेखन अडखळत असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणीही मागा, दोन्ही एकत्र बऱ्याचदा असतं.

खलबत्ता:
गोळीचं. निदान झालं म्हणजे गोळी आलीच असं नाही, पण या वयात तिचा विचार होतो. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं नेहमीचं औषध. त्याची साधी गोळी साधारण चार तास पुरते, हळूहळू सुटणारी आठ ते बारा. डोस कमीपासून सुरू करून डॉक्टर टप्प्याटप्प्याने वाढवतात. भूक मरते, म्हणून गोळी पोटभर नाश्त्यानंतर; डबा तसाच परत आला तर ओरडू नका, संध्याकाळी भूक परत आली की तेव्हा जेवायला घाला. दुपारी उशिरा दिली तर झोप उडते. घराण्यात हृदयविकार किंवा तरुणपणी अचानक मृत्यू असेल तर आधीच सांगा. नाडी, रक्तदाब, उंची, वजन नियमित मोजायचं.

व्यसनाची भीती ठरवलेल्या मात्रेत, तोंडाने घेताना अनाठायी आहे. मात्र गैरवापर होऊ शकतो, म्हणून डबी कुलपात. औषध 'शेड्यूल एक्स'मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं: चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि वेगळा परवाना असलेल्या दुकानातच मिळतं. लहान गावात हाच खरा त्रास. शेवटची पट्टी उघडली की लगेच पुढची सोय करा. अ‍ॅटॉमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय, पण गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. लोक दहाव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडतात.

पाटीवरचं_गणित:
शाळेत निदानाआधी गरज सांगा. पहिला बाक, दार-खिडकीपासून लांब. एका वेळी एकच सूचना, तीही फळ्यावर. पंधरा मिनिटांनी उठायचं निमित्त: फळा पुसणं, वह्या वाटणं. बाईंनी रोज भरून घरी पाठवायच्या कार्डावर तीनच गोष्टी, मोजता येतील अशा. 'नीट वागणे' लिहिलंत तर कार्ड आठवड्यात बंद पडेल. 'हात वर करून बोलला, ५ पैकी ३ तासांना' चालतं. बक्षीस त्याच संध्याकाळी. आणि शिक्षा म्हणून खेळाचा तास काढून घेऊ नका, हे बाईंना आवर्जून सांगा.

एक अडचण. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. बोर्डाच्या परीक्षेत सवलत लागेलसं वाटलं तर कोणतं प्रमाणपत्र चालतं ते शाळेत आधीच विचारा, दहावीच्या तोंडावर नको.

शेवगा_शेंग:
आभार. आजोबांचं काय करावं?

निवडुंग:
'याचा बापही असाच होता' हे वाक्य त्यांच्या तोंडून येईलच. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा, अभ्यासांत ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास. डॉक्टरांना हेच ऐकायचं असतं. आजोबांना सोबत न्या आणि बापाच्या लहानपणाची माहिती त्यांनाच सांगू द्या.