बापाने सुंता 'करावी' की 'करवावी'?

खडीसाखर: ज्यू परंपरेवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. मुलाची सुंता ही कोणाची जबाबदारी, असा विषय. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात (किद्दूशिन भाग, 29अ) बापाच्या कर्तव्यांत पहिलं हेच येतं. मग तोरा, म्हणजे ज्यूंचं मूळ धर्मशास्त्र शिकवणं, लग्न लावून देणं, हाताला धंदा शिकवणं वगैरे. कोणी तर म्हणतं, पोहायलाही शिकवायचं! मी लिहिलं, 'बापाने मुलाची सुंता करावी.' संपादकांनी 'करवावी' केलं. म्हणे, बाप कशाला हातात सुरी घेईल?

उंबरठा: संपादक उगाच छळतायत. 'आम्ही घर बांधलं' म्हणतो तेव्हा विटा काय आपण रचतो?

मोडीवाचक: 'करावी'च. मूळ कर्तव्य स्वतः करण्याचं आहे. ज्याला जमत नाही तो मोहेल, म्हणजे सुंता करणारा जाणकार नेमतो, आणि मोहेल त्याचा मुखत्यार म्हणून करतो. म्हणून तर 'अब्राहामाच्या करारात आणण्याची आज्ञा' असलेली ब्राखा, म्हणजे स्तुतिप्रार्थना, बापाने म्हणायची असते.

खडीसाखर: बाप नसला किंवा टाळत असला, तर कर्तव्य बेथ दीनवर, म्हणजे धर्मन्यायालयावर. त्यांनीही केलं नाही तर मुलगा मोठा झाल्यावर त्याचं त्याने बघायचं. आई मात्र यातून 'पातूर', म्हणजे मोकळी.

विदर्भवीर: पातूर आमच्या अकोला जिल्ह्यात आहे. तिथे कोणी कशातून मोकळं झाल्याचं ऐकिवात नाही.

रसिका_को: आई मोकळी कशी? मोशेच्या बायकोने, सिप्पोराने, गारगोटीने मुलाची सुंता केली, असं बायबलच्या निर्गम पुस्तकात स्पष्ट आहे (4:25).

मोडीवाचक: मोकळी म्हणजे तिच्यावर बंधन नाही. उत्पत्ती 21:4 मध्ये देवाने 'त्याला', म्हणजे अब्राहामाला, आज्ञा केली असं आहे, 'तिला' नाही, यावरून ते काढलंय. बाईने केलेली चालते का, हा वेगळा वाद. आणि गंमत बघा, तो वाद (तालमूदचाच अवोदा झारा भाग, 27अ) आपल्याच प्रश्नावर येतो! सिप्पोराने गारगोटी 'घेतली' नव्हे, 'घ्यायला लावली' असं वाचा. 'कापलं' नव्हे, 'कापवलं'. दुसरा तोडगा असा, की सुरुवात तिने केली आणि मोशेने पुरं केलं.

उंबरठा: म्हणजे प्रयोजक क्रियापदावरून भांडणारे आपण पहिले नव्हे. बरं वाटलं.

शुद्धलेखन_सेना: 'करावी-करवावी' नंतर. आधी तो 'सुंता' शब्द काढा. अरबी 'सुन्नत'वरून आलेला शब्द ज्यूंच्या विधीला? 'परिच्छेदन-संस्कार' लिहा.

रसिका_को: मराठी बायबलात सुंताच आहे हो. परिच्छेद म्हटलं की मला निबंध आठवतो.

शुद्धलेखन_सेना: बायबलने केलं म्हणून बरोबर होत नाही.

खडीसाखर: भांडू नका, मूळ अडचण राहिलीच. हिब्रूत 'हय्याव' आहे. त्यात बांधील असणं आणि देणं असणं, दोन्ही. 'बाप मुलाचं सुंतेचं देणं लागतो' असं लिहू का?

उंबरठा: छान आहे. आपल्याकडे पितृऋण मुलावर, तिकडे बापच कर्जदार.

शुद्धलेखन_सेना: 'देणं लागतो' वाण्याच्या वहीत. धर्मग्रंथात 'बाध्य'.

मोडीवाचक: 'बाध्य' तरी मराठीत कोण बोलतं? हिंदी बातम्या बघणं कमी करा.

रेवदंडेकर: आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं कुटुंब होतं, आडनाव गावावरून, 'कर'वालंच. त्यांच्याकडे बारशाआधी, आठव्या दिवशी हा विधी व्हायचा. एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्यासाठी वेगळी खुर्ची मांडायचे. या एलियाहूंचा रथ खंडाळ्याला टेकला, असं आजी सांगायची.

विदर्भवीर: घाटात? रथ?

रेवदंडेकर: घाटातलं खंडाळा नव्हे हो, अलिबागजवळचं. सागावच्या बाजूचं. खडकावर चाकाच्या खुणा दाखवतात.

शुद्धलेखन_सेना: ते 'खंडाळे' आहे. 'खंडाळ्याला' हे सामान्यरूप दोन्हींचं, म्हणून हा गोंधळ.

रेवदंडेकर: आम्ही खंडाळाच म्हणतो. एसटीच्या पाटीवर काय आहे ते बघून सांगतो.