मदत हवी आहे: भाच्याला एक्सएलए (प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार), आता माझी वाहक तपासणी

नमस्कार. ताईचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. पहिले सहा-सात महिने ठणठणीत होता, मग सुरू झालं: कान फुटणं, जुलाब, दोनदा न्यूमोनिया. "दात येतायत", "पाळणाघर बंद करा" हे सगळं ऐकून झालं. शेवटी एका डॉक्टरांना घसा बघताना टॉन्सिल जवळजवळ दिसेचनात आणि त्यांनी रक्तातली इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं, तपासायला सांगितलं. आयजीजी, आयजीए, आयजीएम तिन्ही नावापुरती, ती तयार करणाऱ्या बी पेशी नाहीतच. बीटीके जनुकात दोष निघाला. आता दर चार आठवड्यांनी आयव्हीआयजी (शिरेतून प्रतिपिंडं), तेही जन्मभर. पोरगं छान बाळसं धरतंय. डोस वजनावर, त्यामुळे बिलही बाळसं धरतंय.

प्रश्न माझा आहे. हा दोष एक्स गुणसूत्रावरचा. बाई वाहक असली तरी तिला त्रास नसतो, मुलग्यांना होतो. आईचे दोन भाऊ लहानपणीच न्यूमोनियाने गेले. घरात त्याला आजवर "दृष्ट लागली" म्हणायचे. म्हणजे आई वाहक असणार, आणि मी असण्याची शक्यता निम्मी. आम्ही बाळाचा विचार करतोय. सासूबाईंना ही नसती चौकशी वाटते, नवरा मात्र सोबत आहे.

भाच्याचा रिपोर्ट हाताशी असल्याने माझा तेवढाच एक बदल तपासला तरी पुरेल, असं कळलंय. परळला केईएमच्या आवारातल्या एनआयआयएचमध्ये (रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवरची राष्ट्रीय संशोधन संस्था) कुणी ही तपासणी केली आहे का? चिठ्ठी कुणाची लागते? आम्ही सांगलीहून येणार, एका फेरीत होईल का?

वाहक निघाले तर गर्भाची तपासणी कुणी करून घेतली आहे का? लिंगनिदान कायद्यात अशा आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे, पण प्रत्यक्षात डॉक्टर कचरतात का?

आणि गर्भाची तपासणी न करता मुलगा झाला तर? जन्मतः आयजीजी चांगलंच दिसतं, कारण ते आईकडून आलेलं असतं; बी पेशीच मोजाव्या लागतात. तो रिपोर्ट येईपर्यंत पोलिओचे थेंब आणि बीसीजी या जिवंत जंतूंच्या लसी थांबवायला प्रसूतिगृहात आधी लिहून दिलं होतं का कुणी?

गुळवेल, च्यवनप्राश कृपया सुचवू नका. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी जरूर लिहा, माझ्या विचारपूशीत (विपू) लिहिलं तरी चालेल.