गणित बेताचं, बोलायला संकोच. बीबीए झेपेल का?

नवशिका: बारावी झाली. व्यवसाय प्रशासनाला प्रवेश घ्यायचं मनात आहे. पण गणितात जेमतेम पास, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. घरचे म्हणतात, मॅनेजर व्हायचं तर माणूस बोलघेवडा हवा. नेमकं काय यावं लागतं?

खतावणी: संख्याशास्त्राचा पेपर मेहनतीने निघतो, त्याचं टेन्शन घेऊ नकोस. टक्केवारी मात्र अंगात भिनलेली हवी. समज, वस्तू 80 ला पडते आणि आपण 100 ला विकतो. विक्रीवाला बैठकीत म्हणतो, ‘दहाच टक्के सूट देऊ, काय बिघडतं?’ किंमत 90 वर आली, नफा 20 चा 10 झाला. पूर्वीइतकंच कमवायचं तर दुप्पट नग खपायला हवेत. हे तिथल्या तिथे ज्याच्या लक्षात येतं, त्याचं बैठकीत ऐकतात.

मी वसुली बघते, म्हणून आणखी एक. पुरवठादाराला 30 दिवसांत द्यायचे आणि ग्राहक 90 दिवसांनी देणार, तर मधले 60 दिवस पैसा कुठून आणायचा? नफा-तोटा पत्रकात नफा दिसतो आणि पगाराला खात्यात शिल्लक नसते. विक्री वाढली की हा खड्डाही वाढतो. नव्या पोरांना हे पटतच नाही!

बोलण्याचं म्हणशील तर थकबाकीच्या फोनवर गप्प राहता आलं पाहिजे. ‘बिल कुठे अडकलंय?’ एवढं विचारायचं आणि थांबायचं. मग कळतं की माल कमी पोचलाय, किंवा बिलावर ऑर्डर नंबर चुकलाय, नाहीतर सही करणारे साहेब रजेवर आहेत. तिन्हींचा इलाज वेगळा. फोन ठेवला की लगेच दोन ओळींचा मेल टाकायचा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. बोलघेवड्यांना नेमकं हेच जमत नाही.

तळटीप: ताईंचं पटलं, पण हे सुरुवातीच्या पायऱ्यांवरचं झालं. व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉबर्ट कॅट्झ यांनी 1955 मध्येच प्रशासकाची कौशल्यं तीन प्रकारांत मांडली होती: तांत्रिक, माणसं हाताळण्याचं आणि सगळ्या संस्थेचा एकत्रित विचार करण्याचं. जसजसं वर जावं तसतसं पहिल्याचं वजन घटतं, तिसऱ्याचं वाढतं. माणसं हाताळणं मात्र कुठल्याच पायरीवर सुटत नाही.

खतावणी: मान्य. पण वर पोचेपर्यंत एक्सेल तरी यायला हवं ना? पिव्होट टेबल (एक्सेलमधला आकड्यांचा गोषवारा) दुसऱ्याकडून करून घेणारे आणि स्ट्रॅटेजीवर तासभर बोलणारे रोज भेटतात हो.

नवशिका: सूट देण्याचं गणित वहीत मांडून पाहिलं. 15 टक्के सूट दिली तर नफा 5 च उरतो, म्हणजे चौपट विकावं लागेल?

खतावणी: बरोबर. आता प्रत्येक नगामागे 2 वाहतुकीचे धर आणि परत मांड.