शब्दचर्चा: ‘फ्री इम्प्रोव्हायझेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

राग, चाल, स्वरलेखन यांतलं काहीही आधी न ठरवता मैफल करणाऱ्या वादकांवरचा एक मोठा लेख मराठीत आणते आहे. ‘फ्री इम्प्रोव्हायझेशन’ त्यात जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात येतं. सरसकट ‘उत्स्फूर्त वादन’ म्हणतात, ते मला पटत नाही. एक तर बातम्यांनी ‘उत्स्फूर्त’ हा शब्द ‘प्रतिसाद’ आणि ‘बंद’ यांच्या दावणीला बांधून टाकलाय. दुसरं म्हणजे त्यातून मनात आलं आणि वाजवलं असा अर्थ निघतो, आणि हे लोक तर आयुष्यभर त्यासाठीच रियाज करतात. ‘तात्कालिक’ तात्पुरत्याकडे झुकतो. ‘ऐनवेळचं’ म्हटलं की तयारी राहून गेल्यासारखं वाटतं. ‘स्वैर’ मला नकोच, त्यात बेजबाबदारपणा आहे. तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद

शब्द घडवायची गरज नाही, आहेच: उपज. गाणारे-वाजवणारे तो रोज वापरतात. ‘तालीम पक्की आहे, पण उपज नाही’ असं कुणाच्या गाण्याबद्दल म्हटलं की जाणकाराला सगळं कळतं. बढत वेगळी, उपज वेगळी. बढतीला क्रम असतो, स्वर एकेक करून उलगडत जातात. उपज म्हणजे त्या क्रमात अचानक सुचलेली जागा, गायकालाही क्षणभर आधी ठाऊक नसलेली.

जुन्या ग्रंथांतही या भेदाला नाव आहे. १३व्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त गानाचे निबद्ध (आधी बांधलेलं) आणि अनिबद्ध (न बांधलेलं) असे दोन प्रकार सांगितले आणि आलप्ती, म्हणजे रागाचा आलाप, अनिबद्धात घातली. कर्नाटक संगीतात गाता-गाता घडवलेल्या भागाला ‘मनोधर्म’ म्हणतात, आणि त्याच्या समोर आधीच रचलेलं ते ‘कल्पित’. पण लेखासाठी मी उपजच घेईन. तो शब्द अजून लोकांच्या तोंडात आहे.

प्रतिसाद

उपज मलाही आवडतो, पण नुसता पुरणार नाही. इंग्लिश गिटारवादक डेरेक बेली (१९३०–२००५) यांनी १९८०मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यात भारतीय संगीत आहे, स्पेनचं फ्लॅमेन्को आहे, चर्चमधलं ऑर्गन आहे, जॅझ आणि रॉकही आहे. या सगळ्यांत वादक जागच्या जागी रचतो, पण एका ठरलेल्या संगीतभाषेत. बेलींना ज्याचं वेड होतं त्यात अशी कुठलीच भाषा गृहीत धरलेली नसते. आपली उपज रागातून उगवते, चुकीचा स्वर लागला तर समोरचा श्रोता दचकतो. इथे चुकीचा स्वर ही कल्पनाच नाही. म्हणून फरक दाखवायला ‘मुक्त’ जोडावंच लागेल: मुक्त उपज.

लंडनमध्ये १९६५मध्ये सुरू झालेल्या ‘एएमएम’ या असं वाजवणाऱ्या गटाकडे पाहिलं की हे नीट कळतं. त्यातले गिटारवादक कीथ रो यांनी गिटार मांडीवरून काढून टेबलावर आडवी ठेवली. तारांवर सुटी स्प्रिंग, छोटा विजेचा पंखा, धातूचे तुकडे. शेजारी चालू रेडिओ, त्यावर त्या क्षणी जे लागेल ते. तालवादक एडी प्रेव्हो झांजेच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढतात. मग एक लांब, खरखरीत आवाज तयार होतो आणि तो तारांचा, धातूचा की रेडिओचा हे ओळखता येत नाही. मला सगळ्यात थोर वाटते ती त्यांची थांबण्याची ताकद: दुसऱ्याचा आवाज पुरेसा असेल तर आपण हात न लावणं. ‘उत्स्फूर्त’ म्हटलं की नेमकी हीच गोष्ट शब्दातून गळते. ‘उपज’मध्ये ती राहते. उपजायला वाट पाहावी लागते.

प्रतिसाद

‘मुक्त’ कशापासून, हे मात्र लेखात एकदा सांगा. मराठीत हा शब्द मागे लागला की काहीतरी सुटल्याचा अर्थ येतो: कर्जमुक्त, व्यसनमुक्त. पुढे लागला की ऐसपैसपणा येतो: मुक्त संचार. आपल्याला दुसरा अर्थ हवा आहे. ‘मुक्तछंद’ चांगली सोबत करतो. कवी अनिलांच्या पिढीने छंदाचं माप सोडलं, लय सोडली नाही, आणि वाचकाने तो शब्द स्वीकारला.

दोन धोके आहेत. पहिला, ‘फ्री जॅझ’शी गल्लत. अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी १९६०च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित केलेल्या, त्याच नावाच्या रेकॉर्डवर चार-चार वादकांचे दोन गट एकाच वेळी वाजवतात, पण मधूनमधून आधी लिहिलेले तुकडे आहेत आणि बास-ड्रम्सचा ठेका बहुतेक वेळ सुरू असतो. तिला ‘मुक्त जॅझ’च म्हणा, ‘मुक्त उपज’ नको.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. ‘परंपरेपासून मुक्त’ असा अर्थ सगळ्यांना मान्य नाही. शिकागोत १९६५मध्ये कृष्णवर्णीय संगीतकारांनी ‘एएसीएम’ ही संस्था काढली. तिथे घडलेले ट्रॉम्बोनवादक आणि अभ्यासक जॉर्ज लुईस यांनी १९९६मध्ये असा मुद्दा मांडला की या संगीताकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एकीत वादकाचा इतिहास, त्याचा समाज, त्याचा स्वतःचा आवाज ही उपजेची सामग्री असते. दुसरीत त्या सगळ्या खुणा पुसण्याकडे कल असतो. सर्रास ‘परंपरामुक्त’ लिहिलं तर पहिल्या बाजूच्या कलावंतांवर अन्याय होईल. मला स्वतःला लुईस यांचं म्हणणं पटतं.

प्रतिसाद

उपजेमागे केवढी मेहनत असते त्याचं उदाहरण हवं असेल तर इंग्लिश सॅक्सोफोनवादक एव्हन पार्कर घ्या. सोप्रानो सॅक्सोफोनवर ते चक्रश्वसन वापरतात: गालांत साठवलेली हवा फुंकत असतानाच नाकाने श्वास घेतात, म्हणजे आवाज तुटत नाही. त्यावर बोटं आणि जीभ वेगवेगळ्या गतीने चालतात आणि एकाच वाद्यातून दोन-तीन धागे ऐकू येतात. हे ‘आलं मनात’ म्हणून जमत नाही.

प्रतिसाद

लेखात ‘एक्सपेरिमेंटल परफॉर्मन्स’ही येणारच. ‘प्रायोगिक प्रयोग’ लिहू नका, कानाला फार खटकतं. आपल्याकडे ‘प्रयोग’ नाटकाचाही असतो आणि प्रयोगशाळेतलाही, आणि इथे दोन्ही अर्थ एकत्र लागू होतात. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्या लेखी ज्या कृतीचा परिणाम आधी कळलेला नसतो ती प्रायोगिक. म्हणून ‘आज रात्री प्रयोग आहे’ एवढं पुरे, विशेषण कशाला? जिथे संगीतप्रकाराचं नाव हवं तिथे ‘प्रायोगिक संगीत’. प्रायोगिक रंगभूमीमुळे तो शब्द वाचकाच्या ओळखीचा आहे.

प्रतिसाद

दोन शेजारचे शब्द. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९६७मध्ये मिशा मेंगेलबर्ग, हान बेनिंक आणि विलेम ब्रॉयकर या वादकांनी ‘इन्स्टंट कंपोझर्स पूल’ हा गट काढला. त्यांच्या नावातच दावा आहे की ही रचनाच आहे, फक्त त्या क्षणी केलेली. त्याला ‘तत्क्षणरचना’ शोभेल. अमेरिकन संगीतकार बुच मॉरिस हातांच्या खुणांनी आख्खा वाद्यवृंद चालवत, त्या पद्धतीला ते ‘कंडक्शन’ म्हणत. ते विशेषनाम आहे, तसंच ठेवा.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘मुक्त उपज’ नक्की केलं. वाक्यांत घालून पाहिलं: ‘दोघे चाळीस मिनिटं मुक्त उपज करत होते’ यात ‘करत’ अवघडतं. ‘दोघांनी चाळीस मिनिटं मुक्त उपजेने वाजवलं’ हे सरळ चालतं. कलावंतांसाठी ‘उपजकार’ कृत्रिम वाटतो, ‘मुक्त उपजेचे वादक’ लिहीन. गाणाऱ्या असतील तिथे ‘मुक्त उपजेच्या गायिका’. पहिल्या उल्लेखाला ‘फ्री इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे मुक्त उपज’ असं लिहून पुढे फक्त मराठी शब्द. आणि लुईस यांच्या मुद्द्याला वेगळा परिच्छेद देते, तो एका वाक्यात उरकण्यासारखा नाही.