बीटल्सची रेडिओवरची गाणी: सगळी ठेवायची की निवडून?

मध्यमलहरी (धागाकर्ता)
बीटल्सनी बीबीसीसाठी जे जे वाजवलं ते गेली बारा वर्षं तारीखवार लावत बसलोय. मार्च १९६२ ते जून १९६५ या काळात ५२ कार्यक्रम, २७५ सादरीकरणं, पण वेगवेगळी गाणी ८८च. त्यातली ३६ त्यांनी तेव्हा रेकॉर्डवर कधी आणलीच नाहीत. १९९४ च्या अधिकृत 'लाइव्ह ॲट द बीबीसी'त ५६ गाणी आली, २०१३ च्या दुसऱ्या भागात ४०. दोन्ही संच माझ्याकडे आहेत, आवडतातही. पण १९९४ च्या संचाचा क्रम बघा: सुरुवातीलाच १९६४ ची झलक, चार गाणी पुढे गेलं की जानेवारी १९६३. वर्षभरात हा बँड कुठून कुठे गेला, ते त्यातून कळतच नाही. माझं म्हणणं असं की खरखर असो, अर्धं तुटलेलं असो, तेच गाणं आठव्यांदा असो, सगळं ठेवायचं आणि तारखेनंच ठेवायचं.

लंबी_सुई
मंडईत गेल्यावर आख्खी पाटी उचलता की निवडून घेता? 'फ्रॉम मी टू यू' त्यांनी बीबीसीवर दहाच्या वर वेळा वाजवलंय, का तर नवी रेकॉर्ड खपवायची होती. जवळजवळ दरवेळी तसंच. ते ओळीनं कोण ऐकणार? तुमचा संच म्हणजे गोदाम आहे. त्याला अल्बम म्हणू नका.

मध्यमलहरी
अल्बम म्हणतोय कोण? दप्तर म्हणा. आणि 'तसंच' म्हणताय ते कानाला हेडफोन लावून म्हणा. जानेवारी ६३ च्या 'सॅटर्डे क्लब' या रेडिओ-कार्यक्रमातला बँड आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला बँड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या उन्हाळ्यात १५ आठवडे त्यांचा स्वतःचा कार्यक्रम 'पॉप गो द बीटल्स' चालू होता. दर आठवड्याला स्टुडिओत बसायचं, हॅम्बुर्ग-लिव्हरपूलच्या क्लबांत घोटलेली दुसऱ्यांची गाणी काढायची, एक-दोन प्रयत्नांत उरकायची. 'सोल्जर ऑफ लव्ह' तिथलंच, जुलै ६३ चं. लेननचा तसा आवाज रेकॉर्डवरसुद्धा फार कमी वेळा सापडतो.

लंबी_सुई
'सोल्जर ऑफ लव्ह' १९९४ च्या संचात आहे की. म्हणजे निवडणाऱ्यांचा कान चांगलाच होता!

खडूस_काका
मुळात ही गाणी रेडिओवर का झाली, हे नव्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी करार होता, त्यामुळे बीबीसीला दिवसात ठरावीक वेळच रेकॉर्डी वाजवता येत. याला 'नीडल टाइम' म्हणत. उरलेला वेळ भरायला माणसं बोलवून वाजवून घ्यायची. पुढे टेप महाग, म्हणून तिच्यावरच दुसरा कार्यक्रम. मूळ टेपा बहुतेक अशाच पुसल्या गेल्या. जे उरलं त्यातलं काही परदेशी केंद्रांना पाठवायला ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिसनं काढलेल्या तबकड्यांवर, आणि काही लोकांच्या घरच्या टेपांवर. तेव्हा 'खरखर नको' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, कित्येक गाण्यांची खरखरीशिवाय दुसरी प्रतच नाही.

फडताळ
काकांना दुजोरा. 'कीप युअर हँड्स ऑफ माय बेबी' अधिकृत संचातसुद्धा घरगुती टेपवरूनच घेतलंय. ऐकताना शेजारच्या खोलीत भजी तळताहेत असं वाटतं, तरी घेतलं. मार्च १९६२ चं 'ड्रीम बेबी' तर रिंगोच्या आधीचा पीट बेस्ट ड्रमवर असतानाचं, त्यांचं पहिलंच रेडिओ-सादरीकरण. तेही असंच वाचलेलं.

घाटमाथा
आपल्याकडेही तेच. 'गीतरामायण' १९५५ साली आकाशवाणी पुण्यावर सुरू झालं तेव्हा वेगवेगळ्या गायकांनी गायलं होतं. आज विचाराल तर दहातल्या नऊ जणांना बाबूजींच्याच आवाजातलं माहीत. निवडून ठेवलं की निवडलेलंच खरं होऊन बसतं.

लंबी_सुई
विषय भरकटवू नका. पण मुद्दा घेतो, हे कबूल.

कोरा_कागद
मला वेगळंच खटकतं. १९९३ साली इटलीतल्या ग्रेट डेन या कंपनीनं बीबीसीवरच्या गाण्यांचा नऊ सीडींचा संच काढला. विनापरवाना. अधिकृत दोन सीडी आल्या दुसऱ्या वर्षी. आणि आपण इथं बसून चोरट्यांच्या चिकाटीचं कौतुक करतोय.

खडूस_काका
कौतुक चिकाटीचं, चोरीचं नव्हे. आणि बीटल्सची रेकॉर्ड कंपनी फार धुतल्या तांदळाची आहे असं समजू नका. डिसेंबर २०१३ मध्ये आयट्यून्सवर अचानक ५९ तुकडे आले, त्यात बीबीसीवरचेही होते. जाहिरात नाही, काही नाही. कारण युरोपातल्या नियमानं अप्रकाशित ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वर्षांनी संपत होतं. रसिकांसाठी काढलं असतं तर गाजावाजा केला असता.

कोरा_कागद
कायद्यानं हक्क राखायला काढलं, त्यात वाईट काय? उलट त्या निमित्तानं तरी मिळालं.

मशीनवाला
सगळे टेपची खरखर कुरवाळत बसलात. हल्ली यंत्राकडून आवाज वेगळे करून घेता येतात, खुद्द बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'च्या २०२२ च्या नव्या आवृत्तीत ते वापरलंय. घरगुती टेपवरून गायन, गिटार, ड्रम सुटे करा, खरखर काढा, पुन्हा जोडा. मी दोन गाणी केली. झकास झाली.

मध्यमलहरी
तुमची फाईल ऐकली. झांजेचा 'स्स' आहे तिथं भांडं घासल्यासारखं येतंय, आणि गायनात 'श' आला की दात सळसळतात. मुळात मध्यम लहरीवर पकडलेल्या टेपला वरच्या पट्टीतलं काही नसतंच. यंत्र ते अंदाजानं भरतं. म्हणजे तुम्ही ऐकता तो १९६३ सालचा नव्हे, परवाचा आवाज.

मशीनवाला
बीबीसीचं लाइट प्रोग्राम हे केंद्र व्हीएचएफवरही (म्हणजे एफएमवर) होतं, १९५५ पासून. सगळ्याच टेपा मध्यम लहरीवरच्या नाहीत. तुमचं नावच घेऊन बसलात.

मध्यमलहरी
हे मात्र बरोबर. दोन टेपा तशा आहेत माझ्याकडे, वरची बाजू स्वच्छ. तिथं तुमचं यंत्र चालेल कदाचित. पण मूळ फाईल शेजारी ठेवाच, पुसू नका.

फडताळ
आवाज स्वच्छ करण्याआधी वेग सुधारा की राव! निम्म्या टेपा अर्धा स्वर वर चढलेल्या. गिटारवरून सूर लावू नका, त्या पोरांनी गिटार एकमेकांशी जुळवलेल्या असायच्या, ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराशी नव्हे. विजेची घरघर बघा. इंग्लंडात ती ५० हर्ट्झ. नकलेत ती ५१ ला दिसली तर टेप तेवढी पळालीय.

लंबी_सुई
बरं, मध्यमलहरी, सगळं ठेवा. पण मला पंधरा गाण्यांची एक यादी द्या. मुलीला ऐकवायची आहे, तिच्याकडे बारा वर्षं नाहीत.

मध्यमलहरी
देतो. 'क्लॅराबेला', 'आय'ल बी ऑन माय वे' आणि 'लोन्सम टिअर्स इन माय आईज' त्यात नक्की. बाकीची रविवारी.

फडताळ
यादी द्याल तेव्हा 'सोल्जर ऑफ लव्ह'ची तुमची फाईल देऊ नका. आत्ताच मोजली, घरघर ५१.३ वर आहे.