ओउलूतल्या नव्या विद्यार्थ्यांना फिनिश बोलती कशी करायची?

कोथिंबीरवडी:
मंडळी, फिनलंडमध्ये राहणाऱ्यांचा सल्ला हवाय. मी ओउलूत चार वर्षं आहे. या सप्टेंबरपासून दोन नव्या विद्यार्थ्यांची पाठराखीण व्हायचं कबूल केलंय. एक मुलगी नाशिकची, एक मुलगा हनोईचा. दोघांचं शिक्षण इंग्रजीत. फिनिशचा वर्ग लावलाय, पण दुकानात जरा अडखळले की समोरचा माणूस इंग्रजीवर येतो आणि विषय तिथेच संपतो. मुलगी म्हणते, "ताई, १५ विभक्त्या कोण पाठ करणार?" मी नेमकं काय करू?

सायंतारा:
पाठराखीण हा शब्द अगदी बरोबर वापरलात. पाठराखीण नवरीबरोबर सासरी जाते, पण नवरीच्या वतीने उखाणा घेत नाही.

मी सुरुवातीला तीच चूक केली. २०१४ साली माझ्याकडे पहिली विद्यार्थिनी आली. दवाखान्यात तिच्यासाठी मीच बोलायचे, भाड्याचा घोळ झाला तेव्हा फोनही मीच केला. दोन वर्षांनी उन्हाळ्यातल्या कामासाठी तिला एक साधा फोन करायचा होता, तर तिने नंबर लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. डोळे भरून आले होते तिचे. दोन वर्षं तिच्या वाटचं मी बोलून टाकलं होतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मी शेजारी उभी राहते. समोरच्याला एवढंच सांगते, "हॅन ओपेत्तेलेए सुओमेआ", म्हणजे ती फिनिश शिकतेय. हे कानावर पडलं की बहुतेक माणसं सावकाश बोलतात आणि थांबतात. इथल्या लोकांना गप्प थांबणं जड जात नाही. आपल्या मुलांना जातं, मग ती घाईने इंग्रजीकडे वळतात. तेवढे चार क्षण तुम्ही मध्ये पडू नका. बाकी सगळं त्यापुढे सोपं आहे.

एका फेरीला एकच वाक्य ठेवा. मी तोरीवर नेते, म्हणजे बाजाराच्या चौकात, १९८७ पासून तो लठ्ठ पोलिसाचा पुतळा उभा आहे तिथे. जुलैत हिरव्या वाटाण्याच्या शेंगा, स्ट्रॉबेरी, नवे बटाटे लिटरच्या मापाने मिळतात, आपल्याकडे चुरमुरे मापाने देतात तसे. वाटाणा म्हणजे हेर्ने, पण मागायचं "लित्रा हेर्नेइतॅ". ते शेवटचं -इतॅ म्हणजे पार्टिटिव्ह, मापापुढच्या नामाला लागणारी आणि वर्गात सगळ्यांना रडवणारी विभक्ती. गेल्या वर्षी एका मुलीने "लित्रा हेर्ने" म्हटलं. विकणाऱ्या आजी माप शिगोशीग भरत, स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "लित्रा हेर्नेइतॅ." चूक काढली नाही, हसल्या नाहीत. मुलगी शेंगा सोलून कच्चे दाणे खात चालली होती आणि तेच पुटपुटत होती. पुढच्या टपरीवर तिने आपणहून "लित्रा मान्सिकोइता" मागितल्या, स्ट्रॉबेरी. तो शब्द मी तिला शिकवलेला नव्हता. सध्या सप्टेंबर आहे, तर पुओलुक्का नावाच्या लाल आंबट बेरी असतील, त्यांच्यापासून सुरुवात करा.

नाशिकच्या मुलीला माझा निरोप द्या: फिनिश इंग्रजीतून शिकू नकोस, मराठीतून शीक. घरात, घरातून, तसं तालोस्सा, तालोस्ता. "माझ्याकडे पुस्तक आहे" हे "मिनुल्ला ऑन किर्या". इंग्रजीतलं 'हॅव' दोन्हीकडे नाही. दुकान कौप्पा, दुकानात कौपास्सा. प्रत्यय लागायच्या आधी शब्दच बदलतो, जसा आपला घोडा 'घोड्या' होऊन मग घोड्याला होतो. सामान्यरूप लहानपणापासून जिभेवर आहे तिच्या! आणि प्रश्नाचा -को म्हणजे चक्क आपला 'का'. "ऑन्को?" म्हणजे "आहे का?" दोन भाषांचं नातं काही नाही, पण लक्षात ठेवायला यापेक्षा सोपं काय हवं?

पावसाळी_छत्री:
मी दोन वर्षांपूर्वी इथेच शिकायला आले. पुस्तकात 'मिनॅ ओलेन' शिकले आणि बाहेर सगळे 'मॅ ओऽन'सारखं काहीतरी म्हणत होते. पहिला महिना मला वाटायचं, मी चुकीचीच भाषा शिकतेय. बोलीभाषा वेगळी असते हे पहिल्याच दिवशी सांगा, प्लीज. मला वाचनालयातल्या भाषा-कॅफेचा खूप आधार झाला. तिथे निवृत्त माणसं येतात, त्यांना वेळ असतो.

कोथिंबीरवडी:
सायंताराताई, मराठीची युक्ती मुलीला आजच सांगते. पण हनोईच्या मुलाचं काय?

सायंतारा:
त्याच्या भाषेत शब्दाला असे प्रत्यय लागत नाहीत. घाई झाली की शब्दाचं शेपूट गळणार. त्याला बेकरीत न्या. एक बन म्हणजे "युक्सी पुल्ला", दोन मागताना "काक्सी पुल्लाऽ". तो शेवटचा आ लांबवला की झालं. स्वराची लांबी आणि जोडाक्षर यांवर त्याचा कान बसवा: तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे कस्टम्स. सुरांच्या भाषेत वाढलेला मुलगा आहे, कान तयार असेल.

आणि पावसाळी छत्री म्हणते ते खरं आहे. ओउलूची बोली तर आणखी वेगळी. दोघांनाही इथली ही म्हण शिकवा: "ओक्को नॅ ओउलुस्ता, पेल्कॅक्को नॅ पोल्लीसिआ?" तू ओउलूचा का, पोलिसाला घाबरतोस का? दोनदा 'को', एकदा 'हून', आणि शेवटी पुन्हा तो पार्टिटिव्ह.

कोथिंबीरवडी:
काल नाशिकच्या मुलीबरोबर किराणा आणायला गेले. गल्ल्यावरच्या मुलाने भराभर विचारलं, "ओतात्को कुइतिन?" पावती घेता का? ओठांवर आलेलं उत्तर मी गिळलं. ती थांबली, मग म्हणाली, "एइ, कीतोस." बाहेर आल्यावर विचारलं, कळलं का गं? म्हणाली, "शब्द नाही कळला ताई. पण 'को' ऐकू आला."